दोन बोटांची पायरी

प्रिय बाबा,

हे पत्र आईसमोर बसून मोठ्यानं वाचायला घेऊ नका. एकटे असाल तेव्हा वाचा. म्हणून तर घरच्या पत्त्यावर न पाठवता तुम्ही रोज जाता त्या सिमेंटच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. दुकानदारकाका विचारतीलच, फोनच्या जमान्यात पोरीला पत्र लिहायचं काय सुचलं म्हणून. कॉलेजचं काम आहे म्हणून सांगा. फोन करायचा तर आई स्पीकर लावते, आणि मी हुं म्हटलं तरी तिला माझ्या आवाजावरून कळतं की मी जेवलेली नाही. आणि खरंच बाबा, चार दिवस घास उतरत नाहीये. ताप नाही, खोकला नाही.

ट्रेनिंगचं तुम्हाला माहीतच आहे. पाच वर्षांच्या शिक्षणातले सहा महिने आम्हाला एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करावं लागतं. शेवटी तिथल्या सरांनी समाधानकारक म्हणून सही केली तरच शेवटच्या वर्षाला बसता येतं. नाही केली तर सहा महिने पुन्हा, म्हणजे वर्ष गेलंच म्हणायचं. माझे सहा महिने उद्या संपतात आणि उद्या सोमवारी अकरा वाजता सर सही करणार आहेत. आमचे सर तसे अबोल. दाराजवळच्या कोपऱ्यात मला एक टेबल दिलंय, त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली मी घडी घातलेला ड्रॉइंगचा कागद सरकवलाय. तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. बिल्डिंगा बांधायला निघाली आणि टेबल हलतंय!

पहिल्याच महिन्यात सरांनी मला एका वाचनालयाचा जिना काढायला दिला. दुमजली इमारत, खाली पुस्तकं, वर वाचायची मोठी खोली. गवंड्याची मुलगी आहेस, जिना तुलाच दिला पाहिजे, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. बाबा, मी त्या दिवशी जमिनीवर नव्हतेच. माझ्या वर्गातल्या पोरांनी जिना पुस्तकात शिकला. मी तो तुमच्या शेजारी वाळूच्या ढिगावर बसून शिकले. पहिल्या दोन पायऱ्यांत पायाला उंची कळते, पुढं तो बघत नाही, तुमच्यावर भरवसा ठेवून चालतो, हे तुम्ही मला मी सात-आठ वर्षांची असताना सांगितलं होतंत. हेच मी ऑफिसात ऐटीत सांगून टाकलं, तुमचं नाव न घेता. तेवढा आगाऊपणा माझ्यात पहिल्यापासून आहे.

जिना झाला, कठडा बसला, रंगाचं काम सुरू झालं. मागच्या मंगळवारी मी साइटवर होते. म्हातारासा रंगारी दोन्ही हातांत डबे घेऊन वर चढत होता, अगदी शेवटच्या पायरीला त्याचा पाय अडकला आणि तो तोंडावर आपटला. डबा उडाला, नव्या फरशीवर पांढरं तळं झालं. आधी सगळे हसले. मीही हसले बाबा, लपवत नाही. मग दिसलं की त्याचं मनगट सुजतंय. सुपरवायझर धावत आला, आणि त्याचं लक्ष फरशीकडेच. "सकाळी सकाळीच लावून आलाय," असं तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. रंगारी एकच गोष्ट म्हणत राहिला, की मी आयुष्यात दारू शिवलेली नाही. कुणी ऐकलं नाही. मी दोन हात लांब उभी होते. त्याच्या तोंडाला रंगाचा वास येत होता, दुसरा कसलाही नाही, आणि तरीही मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच पायरीला नळकाम करणारा ठेचकाळला. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी टेप घेऊन वरच्या टप्प्याच्या बाराही पायऱ्या मोजल्या. अकरा पायऱ्या पंधरा-पंधरा सेंटीमीटर. बारावी साडेअठरा. मी तीनदा मोजली. टेप वाकडी धरली असेल म्हणून डोकं जमिनीला लावून मोजली. साडेअठराच. तुमच्या भाषेत दोन बोटं जास्त.

चूक कुठं झाली ते मला तिथंच कळलं, कारण ती माझीच आहे. वरच्या खोलीला आधी पातळ टाइल होती. मध्येच मालकाचं मन बदललं आणि जाड दगडी फरशी ठरली. सरांनी मला सगळी ड्रॉइंगं बदलायला सांगितली. मी फरशीचं ड्रॉइंग बदललं, दरवाज्यांची उंची बदलली आणि जिन्याचा कागद तसाच राहू दिला. त्या आठवड्यात कॉलेजचं एक काम द्यायचं होतं, मी घाईत होते. मी कारण सांगत नाहीये, फक्त झालं तसं सांगतेय. फरशी दोन बोटं वर आली, जिना होता तिथंच राहिला. कागदाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव लिहितात, तिथं माझी अक्षरं आहेत. त्यावर सरांची सही आहे, पण ती माझ्या भरवशावर केलेली.

तेव्हापासून मी जिथं जाईन तिथं पायऱ्या मोजतेय. होस्टेलच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या. पुढच्या आठवड्यात वाचनालय उघडणार. तिथं म्हातारी माणसं पेपर वाचायला येतील, लहान मुलं धावत वर जातील. बसल्या बसल्या मला कुणीतरी पडल्याचा आवाज येतो. मी ऑफिसातल्या सीनियरला सांगितलं. ती मनानं वाईट नाही, मला स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालते. ती म्हणाली, त्या पायरीला पिवळी पट्टी चिकटवून टाक, लोक बघून चढतील, आणि सोमवारी सही होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. सही झाल्यावर वाटलं तर सांग. वेडाबाई, वर्ष घालवशील, असंही म्हणाली. पिवळ्या पट्टीचं बंडल माझ्या पिशवीत दोन दिवस पडून आहे. शुक्रवारी मी ते हातात घेऊन जिन्यापर्यंत गेलेसुद्धा.

पट्टी लावली नाही. का ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल. कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्हाला आपापल्या घरचा जिना मोजून काढायला सांगितला होता. मला घरी यायला जमलं नव्हतं, मी आठवणीतून काढला. बाईंनी माझ्या शेवटच्या पायरीभोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, पायऱ्या सारख्या असतात. सगळ्या वर्गासमोर विचारलं, गवंडीकाम घरात असून एवढं कळत नाही? मी मान खाली घातली, रबर घेतलं आणि पायरी सारखी केली. पण बाबा, ती चूक नव्हती. मला लहानपणची जशी आठवत होती तशीच मी काढली होती.

मी अकरा वर्षांची होते. वरची खोली तुम्ही स्वतः बांधलीत, सुट्टीच्या दिवशी, एकट्यानं. आईला फरशी हवी होती, आणि कुठल्याशा कामावरून उरलेली जाड फरशी तुम्ही आणून घातलीत, जिना आधीच झालेला असताना. आई किती खूश होती! महिनाभरानं ती कपडे वाळत घालून रिकामी बादली घेऊन उतरायला लागली, आणि पहिल्याच पावलाला गेली ती थेट खाली. घोटा मोडला, नीट जुळला नाही, आणि ती आजही पाय ओढत चालते. आत्या म्हणाली, हिची कायमचीच धांदल. शेजारच्या म्हणाल्या, बघून चालायला काय होतं. आणि आई स्वतःच हसून सांगायला लागली, मीच मेली धांदरट. अजून सांगते.

ती दवाखान्यात होती तेव्हा मी शाळेची फुटपट्टी घेऊन जिन्यावर बसले. सगळ्या पायऱ्या सतरा, वरची साडेवीस. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. तेवढ्यात तुम्ही आलात. माझ्या हातातली फुटपट्टी घेतलीत, दप्तरात ठेवलीत आणि म्हणालात, "अभ्यास कर." आवाज चढवला नाहीत. पुढच्या रविवारी तुम्ही जिन्यावर सिमेंटचा थर चढवलात, पायऱ्या झिजल्यात म्हणून. मी घमेली देत होते, मला आठवतंय. खालच्या पायरीवर थर नखाएवढा होता, आणि वर जाता जाता तो वाढत वाढत दोन बोटांचा झाला. झिजलेल्या पायऱ्यांना असा थर देत नाहीत बाबा. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्या दिवसापासून तुम्ही मला लाडानं फुटपट्टी म्हणायचं सोडलंत, तेही कळलं होतं.

खरं तर वाचनालयाचा जिना कसा दुरुस्त करायचा हे तुम्हाला विचारावं म्हणून मी हे पत्र लिहायला बसले होते. लिहिता लिहिता कळलं की ते मला येतं, तुम्हीच शिकवलंय. उद्या अकरा वाजता, सरांनी पेन उघडायच्या आधी, मी त्यांच्यासमोर माझा कागद ठेवणार आहे. पायऱ्यांवर वर वाढत जाणारा थर कसा द्यायचा ते काढून ठेवलंय. बहुतेक रडेनही. सही मिळेल की नाही, माहीत नाही. पण रंगारी प्यायलेला नव्हता, हे मी सुपरवायझरसमोर सांगणार आणि त्याला शोधून परत बोलवा म्हणणार. आता तुमचं. मी तुमच्यावर रागावलेली नाही बाबा. होते, बरीच वर्षं होते, म्हणून तर सुट्टीत घरी आले की जिन्यावर थांबायची नाही. पण या चार दिवसांत मला कळलं की चूक पोटात ठेवून माणसाला जेवण जात नाही, आणि तुम्ही तर बारा वर्षं आईच्या समोर बसून जेवताय. हे पत्र तुमच्या हातात पडेल तोवर माझं सांगून झालेलं असेल. मग तुम्ही दुकानातून सरळ घरी जा. ती पाय लांब करून बसलेली असेल, तिच्याजवळ बसा, आणि तिला सांगा की ती धांदरट नव्हती.

तुमचीच,
फुटपट्टी