बटण दाबायला दुसरं माणूस

४ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

आजपासून रोजनिशी. रिटायरमेंटनंतरचा वेळ वाया घालवायचा नाही, असं ठरवून चार महिने झाले. पहिला प्रोजेक्ट: गाडीचा हॉर्न. गाडी एकोणीस वर्षांची, इंजिन ठणठणीत, फक्त हॉर्न वाजत नाही. मी एकतीस वर्षं विजेच्या मोटारींच्या कारखान्यात काढली. डिस्पॅच सेक्शनला होतो, पण प्रत्येक मोटार माझ्या डोळ्यांसमोरूनच बाहेर जायची. दोन दिवसांचं काम आहे.

ही बहिणीकडे गेली आहे. मोठ्या मेहुणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सोबतीला कुणीतरी हवं. आज आठवा दिवस. ही परत येईपर्यंत हॉर्न वाजता करायचा. सरप्राइज.

संध्याकाळी ६

फ्यूज बॉक्स उघडला. कुठला फ्यूज कशाचा, ते दाखवणारं झाकणावरचं चित्र पुसून गेलंय. अंदाजाने एक काढला. वायपर बंद पडले. परत बसवला. वायपर चालू झाले, पण आता आतला दिवा लागत नाही. तसाही तो दिवसा लागत नाही.

५ फेब्रुवारी

निव्वळ नोंद म्हणून लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात बाजाराच्या गल्लीत एक ट्रक रिव्हर्स येत होता, हिच्या बाजूने. मी हॉर्न दाबला. आवाज नाही. परत दाबला. हिने हात बाहेर काढून दारावर थापा मारल्या, तेव्हा ट्रक थांबला. मध्ये वीतभर अंतर असेल. मी हसलो, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून. ही उतरली आणि चालत घरी गेली. दीड वर्ष हॉर्नबद्दल सांगत होती, हे खरं आहे. पण दीड वर्षात एकदाही गरज पडली नव्हती, हेही खरंच.

घरी आल्यावर काही बोलली नाही. म्हणजे विषय मिटला होता.

७ फेब्रुवारी, सकाळी १०

गाडीचं मॅन्युअल सापडलं. मॅन्युअल म्हणतं: एकाने हॉर्नचे बटण दाबावे, दुसऱ्याने रिलेजवळ (बॉनेटखालची, हॉर्नला वीज सोडणारी डबी) कान ठेवावा. 'टक' असा आवाज आल्यास रिले व बटण ठीक. लिहिणाऱ्याने घरात दोन माणसं गृहीत धरली आहेत.

मी मार्ग काढला. स्टिअरिंगवर डिक्शनरी ठेवली, हिच्या जुन्या शालीने करकचून बांधली आणि धावत बॉनेटकडे गेलो. कान लावला. टक नाही. रस्त्यावर रहदारी फार, त्यामुळे प्रयोग अनिर्णित.

डिक्शनरीचं बाइंडिंग उसवलं. शाल ठीक आहे.

९ फेब्रुवारी

हिचा फोन आला. मी रिले उघडून टेबलावर पसरला होता, एक बारीक स्प्रिंग चिमट्यात होती. ही म्हणाली, दुकानाजवळ खोली घेतली, परवापासून तिथेच आहे. (ही ऑल्टरेशनच्या दुकानात शिवणकाम करते.) मी म्हटलं, चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. मेहुणीचं घर लहान, त्यात पेशंट. अधूनमधून पाठ टेकायला वेगळी जागा हवीच. ही म्हणाली, बरं, ठेवते.

स्प्रिंग उडाली. कपाटाखाली असावी.

१० फेब्रुवारी

बाजारातून नवा रिले आणला. जुना उघडायची गरज नव्हती, असं दुकानदार म्हणाला. त्याला काय कळतंय.

समोरच्या रिटायर्ड मुख्याध्यापिका बाईंना बटण दाबायला बोलावलं. बाई शाळेची घंटा द्यावी तसं मोजून दाबतात. पाचातून दोनदा टक आलं. म्हणजे रिले चाळीस टक्के ठीक. बाईंनी विचारलं, वहिनी कधी येणार. मी गुडघ्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, रविवारी तुमच्या मेहुणीबाईंना बाजाराचा जिना उतरताना पाहिलं, दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी म्हटलं, हो, रिकव्हरी चांगली आहे. बाईंनी न सांगताच आणखी एकदा बटण दाबलं.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३

मोठी प्रगती. हॉर्नच्या पिना पॉलिश पेपरने घासल्या, वायरी घट्ट केल्या, बॅटरी जोडली. हॉर्न वाजला. मग थांबेना. बटणाला हातही लावलेला नव्हता. स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या, फ्यूज उपटायला गेलो तर वायपर बंद पडले. गॅलऱ्यांत माणसं आली. अकरा मिनिटांनी मुख्याध्यापिका बाई खाली आल्या, माझ्या हातातला पाना घेतला आणि बॅटरीची पट्टी सैल करून काढली.

एवढी शांतता मी या घरासमोर कधी ऐकली नव्हती.

हिला फोन करून सांगितलं, हॉर्न वाजला. हिने विचारलं, जेवलात का. हो म्हटलं. बिस्किटंही जेवणच.

१५ फेब्रुवारी

सेकंड ओपिनियन म्हणून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वयस्कर माणूस, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने स्टिअरिंगचं टोपण काढलं, आत पाहिलं आणि परत लावलं. एक मिनिट. म्हणाला, आतली पितळी रिंग झिजलीय, कधी टेकत नाही, कधी चिकटून बसते. ही रिंग आता बनत नाही. डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवून देतो. मी नाही म्हटलं. तसली तात्पुरती कामं मला चालत नाहीत, मी इलेक्ट्रिकल लाइनचा माणूस आहे. तो म्हणाला, बरं.

रिंग मी स्वतः करणार. पितळ कुठे मिळतं ते बघायचं.

१६ फेब्रुवारी

पितळ पाहिलं नाही. इलेक्ट्रिशियनकडेच गेलो, पण माझी स्वतःची कल्पना घेऊन: बटण बसवायचंच तर हिच्या बाजूला बसवा. आयुष्यभर 'हॉर्न द्या, हॉर्न द्या' म्हणत आली, आता स्वतः दे म्हणावं. तो चष्म्यावरून बघत राहिला. तिथे ड्रायव्हरचा हात पोचणार नाही, म्हणाला. मी म्हटलं, बायको असते ना. रोज असते का, असं त्याने विचारलं. रोज, म्हटलं.

अर्ध्या तासात काम झालं. लाल बटण. दाबलं की वाजतं, सोडलं की थांबतं. घरी येताना सिग्नलला वाकून एकदा दाबून पाहिलं, तेवढ्यात गाडी थोडी फुटपाथकडे गेली.

१८ फेब्रुवारी

लेकीचा फोन, तिच्या ऑफिसातून. तिने विचारलं, आई तुमच्याशी बोलली ना. म्हटलं, बोलते की. मग विचारलं, तुम्हाला काय वाटलं. मी सांगितलं, रिंग झिजली होती, पण मी आता पर्मनंट सोल्यूशन काढलंय. ती म्हणाली, बाबा, नीट जेवत जा. या घरातल्या सगळ्यांना माझ्या जेवणाचं काय पडलंय कळत नाही.

२० फेब्रुवारी

हिने फोनवर विचारलं, रविवारी शिलाई मशीन आणि निळी ट्रंक गाडीतून पोचवाल का. पोचवाल का काय? म्हणजे ही गाडीत बसणार. मुद्दा होता तो एवढाच. मशीनला सर्व्हिसिंग हवं असेल, ट्रंकेत मेहुणीला द्यायचे कपडे असतील. परत येताना कदाचित सामान आणि ही, दोघंही परत.

गाडी आतून-बाहेरून धुतली. ठरवलं: पहिल्या वळणावर काही न बोलता नुसतं लाल बटणाकडे बोट दाखवायचं.

२२ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ४

ही सकाळी रिक्षाने घरी आली. ट्रंक डिकीत मावली. मशीन मावलं नाही. ही म्हणाली, पुढच्या सीटवर ठेवा, मागे आडवं होऊन तेल सांडेल. पुढे ठेवलं, सीटबेल्ट लावला. ही मागे बसली आणि सगळ्या रस्त्यात मशीनवर हात ठेवून होती. मी बटणाबद्दल सांगितलं. ही म्हणाली, दिसलं. छान बसवलंय.

चौकात मी उजवीकडचा सिग्नल दिला. ही म्हणाली, डावीकडे. मी म्हटलं, मेहुणीचं घर उजवीकडे.

"अहो, मी ताईकडे नाही राहत. खोली घेतलीय. पंधरा दिवस झाले. फोनवर सांगितलं होतं तुम्हाला."

मी म्हटलं, हो, सांगितलं होतंस. डावीकडे वळलो. मागून कुणीतरी हॉर्न देत होतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. मशीन मीच वर नेलं, दोनदा टेकत, मग ट्रंक. खिडकीजवळ टेबल होतं, मशीनच्या मापाचंच. गाडीत मशीनवर हात ठेवून ही त्याची मापं घेतेय असं मला वाटलं होतं, पण मापं तर आधीच झाली होती. खोलीत एक खुर्ची. ही म्हणाली, बसा. मी बसलो, ही उभी. पाणी दिलं. भिंतीवर दुकानाच्या वेळा लिहिलेला कागद होता. मी तो दोनदा वाचला.

मग मी विचारलं, त्या ट्रकमुळे का. हॉर्न आता वाजतो, असंही म्हटलं.

ही म्हणाली, "ट्रकचं काही नाही हो. तुम्ही हसलात ना, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. रागसुद्धा आला नाही. राग आला असता तर घरीच राहिले असते, भांडले असते."

आवाज नेहमीचाच होता. दुकानातल्या गिऱ्हाईकाला कपडा कधी मिळेल ते सांगावं, तसा. मी म्हटलं, ठीक आहे. का म्हटलं ते माहीत नाही. मग हिने मशीनवरची धूळ पुसली आणि मी जिना उतरलो.

घरी आलो. रस्त्यात कुणी आडवं आलं नाही.

२३ फेब्रुवारी

सकाळी गाडी पुसली. कालच धुतल्यासारखी होती.

दुपारी जेवलो. भात केला होता, थोडा लागला.

पाच वाजता इलेक्ट्रिशियनचा फोन. फ्यूज बॉक्सचं झाकण त्याच्याकडे राहिलंय, चित्र नव्याने काढून ठेवलंय, जमेल तेव्हा घेऊन जा म्हणाला. हॉर्न कसा आहे, त्याने विचारलं. चांगला आहे म्हटलं. आणखी काही काम आहे का गाडीचं? नाही म्हटलं. मी फोन कानाशी तसाच धरून होतो. फोन त्यानेच ठेवला.