कोणत्या फटीतून?

प्रिय ओंकार,

सवयीने ‘प्रिय’ लिहिलं, नाहीतर आज तुझ्यासाठी तोंडात वेगळेच शब्द येतायत. पोलादपूरची अफशा आठवते? कशी आठवेल! गेल्या गुरुवारी आपल्या महाडच्या कॉलेजात विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून आलास, शाल-नारळ घेतलास आणि गाडीत बसून बिरवाडीच्या कारखान्याकडे निघून गेलास. इकडे त्या पोरीने सायन्स सोडून आर्ट्सला जायचा अर्ज दिलाय. सोमवारी प्राचार्य सही करणार. अकरावीत भौतिकशास्त्रात पहिली आलेली पोरगी ही.

तिचा प्रयोग तू धड बघितलासही नाहीस, म्हणून सांगतो. पुरात प्रयोगशाळेची माती झाली, तेव्हापासून आमच्याकडे दाखवायला काही उरलं नाही. तर हिने काच मेणबत्तीवर धरून काळी केली, दोन ब्लेड एकमेकांना चिकटवली आणि त्या काजळीवर एकदाच ओढली. झाल्या केसाएवढ्या दोन फटी! बारा काचा वाया गेल्या, तेरावी जमली. बाप तौकीर कशेडी घाटात ट्रक चालवतो, त्याने खेळण्यातला लेझर आणून दिला. तो फटींवर मारला की भिंतीवर दोन रेघा पडायला हव्यात ना? पडतात ओळीने कितीतरी पट्टे, एक उजेडाचा, एक अंधाराचा. बांधाच्या दोन मोऱ्यांतून आलेलं पाणी पुढे मिसळतं तेव्हा लाटेवर लाट आली की उंच होते, लाट खड्ड्यात पडली की सपाट, तसंच हे. उजेडात उजेड मिळवून अंधार होतो, अरे! एकतीस वर्षं लॅबमध्ये बघतोय, अजून अंगावर काटा येतो.

शेजारी तिने इलेक्ट्रॉनचा तक्ता लावला होता. इलेक्ट्रॉन पडद्यावर पोचला की एकाच जागी टिंब उमटवतो, सरळ कणासारखा. दोन फटींतून एकेक करून सोडा, आधीचा पोचल्याशिवाय पुढचा सोडू नका. तरी हजारो टिंबं जमली की पुन्हा तेच पट्टे! मग तो एकटा मिसळला कोणात? स्वतःतच. आणि कोणत्या फटीतून गेला हे टिपायला यंत्र बसवलं, की पट्टे गायब. ती टिंबं अफशाने पेनने एकेक काढली होती, तीन हजार.

तुला बाकी काही दिसलं नाही. तू विचारलंस, एकच इलेक्ट्रॉन सोडला तर तो कोणत्या फटीतून जातो? ती म्हणाली, ‘नाय सांगता यायचं सर. ते बघायला गेलं की पट्टेच जातात.’ अरे शहाण्या, हेच उत्तर आहे! तुझ्या पुस्तकातही हेच होतं. तू मात्र हॉलकडे वळलास आणि तिची नक्कल करत म्हणालास, ‘मॉडेल केलं, पण नाय सांगता यायचं!’ आणि हसलास. वर गुणपत्रिकेत लिहिलंस, तत्त्व माहीत नाही. पहिला नंबर दिलास थर्माकोलच्या ज्वालामुखीला, तोही दुकानातून आणलेला. लाज वाटली नाही?

तू कोण लागून गेलास रे? तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सोडियमच्या दिव्यासमोर दीड तास डोळा लावून बसलास. हेच उजेड-अंधाराचे पट्टे काही दिसेनात, घामाघूम झालास, रडायचा बाकी होतास. परीक्षक चहाला गेले तेव्हा प्रिझम जरासं फिरवून पट्टे कोणी लावून दिले? लॅबच्या या शिपायाने. त्याच मार्कांवर पुढे गेलास, साहेब झालास. मी कधी कुणाला बोललो नाही.

इथवर लिहून पाकीट बंद करणार होतो. पण मग हे पत्र खोटं झालं असतं. तू हसलास तेव्हा सगळा हॉल हसला, आणि ओंकार, मीही हसलो. पाहुणे हसले की शिपायाने हसायचं, एकतीस वर्षांची सवय, तोंड आपोआप उघडलं. ब्लेड कशी धरायची ते तिला मीच शिकवलं होतं. तिचं उत्तर बरोबर आहे हे मला पक्कं माहीत होतं. ती तुझ्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. काल पोलादपूरला गेलो. तिची आई रहिमा दारात आली, म्हणाली, पोरगी बाहेर यायला नाय म्हणते. पाणी पिऊन परत आलो. तेव्हा तुला घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या माझ्या आहेत. रविवारी सकाळी नऊला महाडच्या एस.टी. स्टँडवर उभा राहतो, गाडी घेऊन ये. आधी तू तिला सांग की चुकलास, मग मी सांगतो. तू आला नाहीस तर एकटा जाईन. पण माझ्या एकट्याच्या शब्दावर ती अर्ज मागे कशाला घेईल? मला हसताना तिने बघितलंय.

रागावलेला, तरी तुझाच
सहदेवकाका