साहेबांचं पान

मेडशी, रविवार, ऑक्टोबर १९७८

रजेवर आलो, म्हणजे पाठवलं. तीन वेळा ऑफिसातल्या संगणकावर युनिक्सचं कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्रॅम, बांधायला घेतलं आणि तिन्ही वेळा शेवटच्या जोडणीत अडलं. यंत्राचं म्हणणं एकच: नवी डिस्क चालवणारा प्रोग्रॅमचा तुकडा सापडत नाही. तो तुकडा मी लिहिलेला, म्हणून चूकही माझी. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्हा लोकांना घाईनं वर आणलं की असं होतं." तुम्हा लोकांना!

आज दुपारी छापील कागद बाजेवर पसरून पुन्हा तेच वाचत बसलो होतो. दादा शाळामास्तर, इंग्रजी बेताचं. माझ्या पानापानावर साहेबांच्या लाल पेन्सिलीच्या रेघा पाहून म्हणाला, "या एकाच पानावर काहून काही नाही? हे तपासाचं राह्यलं का?"

"ते सायबाचं सोताचं हाये."

"मंग त्याले कोन तपासते?"

कोणीच नाही. आमच्याकडे तशी रीतच नाही. महिनाभर मीही त्या पानाकडे पाहिलं नव्हतं. आज वाचलं. कोणकोणते तुकडे जोडायचे त्याची ती यादी. माझा तुकडा त्यात नाहीच. एक ओळ राहिली, बस.

आनंद व्हायला हवा होता. झाला का? साहेबांना पत्र लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, "चूक सापडली. रजा संपली की येऊन दुरुस्त करतो." कुणाची, ते लिहिलं नाही. दादाची लाल पेन्सिल शेजारीच पडली होती.

त्या पानावर अजून एकही रेघ नाही.