जेवताना उपसलेला गाळ

४ मार्च

घरचा भेदी! दुसरा शब्द नाही.

आज सुनावणी होती. धरण ठेवायचं की पाडायचं. मध्येच ही उठली. मला वाटलं, पाणी प्यायला निघाली असेल. तर माझी बायको सरळ माइकपाशी! नदीच्या मुखाशी हिचं माहेर, तिथला किनारा कसा खचत चाललाय ते सांगितलं. तोवर ठीक होतं. मग म्हणाली, "आमचे हे याच धरणाचे दरवाजे चालवतात. तेच सांगतात, आत पाणी कमी आणि गाळ जास्त. आपण गाळाची राखण करतोय."

हे मी बोललो होतो. जेवताना, गंमत म्हणून. सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. साहेबांनी मात्र पाहिलं नाही. ते जास्त लागलं.

५ मार्च

अबोला.

७ मार्च

धाकट्या भावाचा फोन. तोही दरवाजेच चालवतो, वरच्या धरणावर. मीच चिकटवलं होतं त्याला. म्हणाला, "दादा, वहिनीनं असं करायला नको होतं. घरातलं घरात राहावं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

शेवटी रक्ताचं ते रक्ताचं.

मग आवाज खाली आणून म्हणाला, "आमचा तर खालचा दरवाजा गाळानं उघडतच नाही. तपासणीच्या दिवशी साहेब वरचा उघडून दाखवायला सांगतात." दोघंही पोट धरून हसलो. सुनावणीनंतर पहिल्यांदाच हसलो असेन.

९ मार्च

हिनं तोंड उघडलं. "जेवताना खोटं बोलला होतात का?"

म्हटलं, प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, विश्वासाचा आहे.

"माझ्या भावाच्या अंगणात समुद्र आलाय. त्याची वाळू तुमच्या भिंतीमागे अडकलीय. मी कुणाकुणाचा विश्वास सांभाळू?"

ताटावरून उठलो. नंतर भूक लागली, पण रुसलेल्या माणसाला स्वयंपाकघरात जाता येत नाही.

२० जून

पाडायचं ठरलं. साहेबांना चांगल्या जागी बदली. मला काय, तर पाडकामावर देखरेख! ज्या दरवाज्यांना आयुष्यभर ग्रीस लावलं, ते कापताना बघत उभं राहायचं. हिनं डबा भरून दिला. घेतला नाही.

११ ऑक्टोबर

भिंत फोडली. आधी पाणी आलं, मग गाळ — काळा, सडक्या पानांच्या वासाचा. घरी आलो तरी वास कपड्यांत होता.

१९ ऑक्टोबर

मेव्हण्याचा हिला फोन. मुखाशी मासे मरून पडलेत, शिंपल्या गाळाखाली गाडल्या गेल्या. ही नळ सोडून बाथरूममध्ये रडली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२ मे

मेव्हण्याचा हात मोडला म्हणून सासुरवाडीला जावं लागलं. गाळाची घाण दाखवून हिला 'बघ' म्हणायचं, एवढीच हौस होती.

अंगणापुढे समुद्र नव्हता, वाळू होती. चांगली चालत जावं लागलं पाण्यापर्यंत. मूठभर उचलली. करडी, जाड — आमचीच! दरवाज्याच्या खाचेतून हीच खरवडून काढायचो मी. उथळ पाण्यात गवत रुजलंय, त्यात बोटाएवढी पिल्लं. मेव्हणा म्हणाला, "इतकी वर्षं मासा भिंतीला डोकं आपटून परत यायचा. यंदा वर गेला. शिंपल्या मात्र अजून नाहीत."

आमच्या ऑफिसात भिंतीवर लिहिलं होतं: समुद्राला गेलेला थेंब वाया गेला. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वाचत आलो. थेंबाबरोबर काय जातं, ते एकाही साहेबानं सांगितलं नाही. माहीत नव्हतं? की दरवाजेवाल्याला काय सांगायचं? वर्षभर बायकोवर धुमसत होतो आणि फसवणारे केव्हाच बदली घेऊन गेले.

निघताना मेव्हणा म्हणाला, "अर्धीच वाळू आलीय, भावोजी. उरलेली वरच्या धरणात आहे."

गाडीत हिनं डबा पुढे केला. या वेळी घेतला.

१४ ऑगस्ट

वरच्या धरणाची सुनावणी. माइकपाशी गेलो. खालचा दरवाजा उघडत नाही, तपासणीला वरचा दाखवतात — सगळं सांगितलं.

धाकटा पहिल्या रांगेत होता. शेजारची खुर्ची त्यानं माझ्यासाठी धरून ठेवली होती.