काष्टीच्या बहिणीची खोली

आई,

आज नागापूरवरून येताना आपल्या खोल्यांची जागा मला ओळखूच आली नाही. घरी आले आणि तुला लिहायला बसले. तू जाऊन तीस वर्षं झाली, पण डोळे मिटले की अजून दिसतेस, तिथल्या ओट्यावर बसलेली.

एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. नागापूरला कारखाने उभे राहत होते, कामगारांना राहायला जागा मिळत नव्हती. शाळेत दहा वर्षं शिकवून मलाही वाटू लागलं होतं, आपलं काहीतरी असावं, ज्याचं भाडं म्हातारपणी येत राहील. एक माणूस चार खोल्या विकत होता. सातबाऱ्यावर त्याचं एकट्याचं नाव होतं. वकिलांनीही कागद चाळून होकार दिला. माझ्या मते चौकशी संपली होती. तू म्हणालीस, “मला एकदा जागा दाव.”

तिथे गेल्यावर तू भिंतींकडे पाहिलंसुद्धा नाहीस. शेजारच्या म्हातारीच्या ओट्यावर जाऊन बसलीस. मी उन्हात ताटकळते आहे आणि तुम्ही दोघी मेथी निवडता आहात. पाणी कुठून आणता, पावसाळ्यात वाट राहते का, आधीचे भाडेकरू का गेले. वेळ कुठेतरी थांबल्यासारखा. मग अगदी सहज तू विचारतेस, “जमीन त्येच्या बापाची का?”

“व्हय,” म्हातारी म्हणते. “त्यो दोन सालामागं गेला. एक लेक हाय, काष्टीला दिलेली.”

परतताना मी म्हणाले, “कागदावर तिचं नाव नाही, आई.”

“कागदावर न्हाई. पर हाय ना ती?”

म्हणून आपण एसटीने काष्टीला गेलो. बाजाराचा दिवस होता. धुळीने ऊन पिवळं झालेलं, गुरांच्या गळ्यातल्या घंटा कुठून वाजताहेत ते कळत नव्हतं. विचारत विचारत गेलो तेव्हा ती लसूण विकत बसलेली सापडली. तू तिच्यासमोर बसलीस. “तुझ्या भावाच्या खोल्या ही माझी लेक घेतीय. तुला ठावं हाय का?”

ती लसणाचा गड्डा हातात फिरवत राहिली. “मला कुनी इचारलं न्हाई.”

“आता आमी इचारतोय.”

मग म्हणाली, “तिथं आमची हीर हुती. दुपारी लई गार वाटायचं.” एवढंच.

बहिणीची संमती असल्याशिवाय घेणार नाही, असं मी तिच्या भावाला कळवलं. “तिचा काय संबंध?” म्हणून तो उठून गेला. सात महिने गेले. हातची जागा तुझ्यामुळे गेली म्हणून मी तुझ्याशी धड बोलत नव्हते. मग एक दिवस तो बहिणीला घेऊनच दारात आला. तिने पैसे मागितले नाहीत. एक खोली मागितली. तीन माझ्या नावावर झाल्या, चौथी तिच्या.

ती तिने भाड्याने दिली नाही. वर्षातून दोनदा यायची, कुलूप काढून आत नुसती बसायची. ती आल्याचं कळलं की तू तिच्याकडे जायचीस. एकदा मी दारातून पाहिलं. दोघी भिंतीला टेकून गप्प बसला होतात, जशा काही माहेरी आला होतात.

तेव्हा मला तुझ्या माहेराबद्दल विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. मला नोकरी लागली त्या वर्षी मामाने तुझ्या माहेरच्या जमिनीचा हक्कसोडीचा कागद आणला. तू अंगठा दिलास. शेजारी साक्षीदार म्हणून सही माझी आहे. तुझी पत्रं मीच तुला वाचून दाखवायची, हे पत्रही मीच वाचून दाखवलं असतं. तो कागद मात्र मी वाचला नाही, आई. मामाने बोट ठेवलं तिथे सही केली.