लॉरेनबाईंच्या आजोबांचं पान

१४ सप्टेंबर, रविवार. फ्रिस्को

उर्वी सिनेमा काढतेय! नात माझी अकरावीत, कॅमेरा धरते तान्ह्या बाळासारखा. शेजारच्या लॉरेनबाईंच्या माहेरगावी काळ्या लोकांच्या आठवणीला दगड बसवलाय, त्याच्यावर सिनेमा. पण लॉरेनबाई कॅमेऱ्यासमोर बसेनात. त्यांच्या आजोबांना तिथं गोऱ्यांच्या जमावानं खोटा आळ घेऊन झाडाला टांगलं. दगडावर मात्र नुसतं, ‘इथं प्राण गेले त्यांच्या स्मरणार्थ’.

“प्राण काय आपोआप गेले?” म्हणाल्या. खरंय बाई.

१६ सप्टेंबर

लॉरेनबाईंनी परसातली भेंडी दिली. त्या तळून खातात. मी भरली करून पाठवली — डबा चाटूनपुसून परत.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

वीणा, सूनबाई, म्हणाली, “आई, पान बॅकयार्डमध्येच ठेवा ना.” मी म्हटलं, यंदा दगडापाशी. ज्यांचं कुणी केलं नाही त्यांचाच हा दिवस. खीर, वडे, भेंडी घेतली, लॉरेनबाईंनाही गाडीत बसवलं.

पान मांडलं. चार-पाच काळे पक्षी आले, मी हरखले. वीणा म्हणते, “आई, ते कावळे नाहीत, ग्रॅकल. पार्किंगमध्ये फ्राइज खातात.” असू दे, काळे आहेत ना. पण एकही शिवेना. फ्राइज खाणारे मेले, वड्याला नाक मुरडतात!

लॉरेनबाईंनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, उर्वीनं इंग्रजीत केलं — गेलेल्याचं मन कशात अडकलं असलं की पक्षी शिवत नाही. मग घरच्यांनी मोठ्यानं सांगायचं, तुमचं राहिलेलं आम्ही करू.

बाई दगडाकडे बघून बोलल्या. काय म्हणाल्या ते उर्वीनं मागाहून मला मराठीत सांगितलं: “आजोबा, तुमचे प्राण गेले नाहीत. तुम्हाला मारलं. हे मी सगळ्यांना सांगेन.”

कॅमेरा चालूच होता. उर्वी घाबरली, “बंद करू?” बाई म्हणाल्या, “राहू दे.”

पक्षी शिवला की नाही, बघायचंच राहिलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

त्या गावच्या लायब्ररीत सिनेमा दाखवला. संपल्यावर मागून एक गोरे म्हातारे उठले. ते बोलले ते उर्वी माझ्या कानात मराठीत सांगत होती — “माझे आजोबा त्या जमावात होते. घरात कुणी बोलत नाही.”

लॉरेनबाई वळल्या. “नाव सांगा त्यांचं.” आणि उर्वीला म्हणाल्या, “लाव कॅमेरा.”