होडीला दिलेलं आवतण

हर्णै बंदर,
तान्हा पोळा

बाबाले काजलचा नमस्कार.

दवाखान्यातली नोकरी बरी चालली. घरमालकीण जनाकाकू मले पोरीसारखं जपते. बंदराचा राखणदार देव वाट चुकलेल्या होडीले हाक मारते, अशा गोष्टी सांगत जेवू घालते.

परवा खांदशेकणी होती. इथं खांद्याले तूप-हळद चोळाले बैल कुठले! मंग मी काकूच्या होडीच्या तोंडालेच ती चोळली अन् म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." त्याच होडीनं काका मासेमारीले गेले.

पोळ्याच्या दिवशी वारं सुटलं. साऱ्या होड्या परतल्या, काकांचीच नाई. माहा तं जीवच उडाला. काकू मात्र पुरणपोळीचं ताट झाकून बसली. "जेवायला बोलावलंयस ना तू? मग येतील," म्हणे.

दिवेलागणीले आले. काकूनं पहिला घास होडीले लावला, मंग काकाले.

आईचं औषध सुरू आहे ना? तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपायी तुम्हाले यंदा बैलजोडी विकावी लागली. पोळ्याले तुम्ही रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले असान, मले माहीत आहे.

बाबा, आपल्या घरचं आवतण यंदाही वाया नाई गेलं.

तुमच्या पाया पडते,
काजल